पोट आलेला बुरूज: एका गढीच्या दुरुस्तीचं प्रकरण

गाव भीमेच्या खोऱ्यातलं आहे, एवढंच सांगतो. गावाचं नाव, घराण्याचं आडनाव आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळलेत. त्या घरात आजही तीन चुली पेटतात, आणि त्यांच्या भाऊबंदकीची चर्चा चार लोकांत व्हावी असं कुणालाच वाटत नाही.

पार्श्वभूमी

चौकोनी आवार, चार कोपऱ्यांना चार बुरूज आणि उत्तरेला दरवाजा. तटाची जाडी बुडाशी सात फूट, उंची साधारण बावीस फूट. दोन्ही अंगांनी काळ्या दगडाची चिरेबंदी आणि मध्ये मुरूम, दगडगोटे, माती यांची भर. दरवाज्याची फळी सागाची, तिला हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर लोखंडी सुळे. मागे भिंतीत सरकणारा अडसर, आणि एका माणसानं वाकूनच आत यावं अशी दिंडी. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, मग चौक, सोपा, माजघर. माजघराच्या भिंतीत धान्याचं बळद आणि चौकाच्या कडेला आड. वेढा पडला तर महिनाभर बाहेर तोंड न काढता राहता येईल अशी ही सगळी तजवीज.

घरातले थोरले आबा पहिल्याच भेटीत म्हणाले, “शिवकालीन आहे आमची गढी.” असं ऐकलं की मी वहीत काहीच लिहीत नाही. महाराष्ट्रातली प्रत्येक गढी शिवकालीन असते, फक्त तिच्या भिंतींना ते ठाऊक नसतं. उलट सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत नोंद आहे ती देशमुख-देशकुलकर्ण्यांचे बुरूजवाले वाडे महाराजांनी पाडले आणि त्यांना रयतेसारखी साधी घरं बांधून राहायला सांगितलं अशी. गावागावात बंदुकी बाळगून बसलेला वतनदार म्हणजे राज्याला धोका, हा त्यामागचा हिशेब.

हे चित्र पालटलं अठराव्या शतकात, सातारच्या शाहू महाराजांच्या काळात. सरंजाम, म्हणजे मुलखाचा महसूल, मिळाला, त्यावर फौज ठेवायची जबाबदारी आली. माळव्यातून आणि गुजरातेतून पैसा येऊ लागला आणि सरदारांची लष्करी घरं सपाटीवरच्या गावांत उभी राहिली. पुण्याचा शनिवारवाडा 1730 ते 1732 या काळातला. खाली दगड आणि वर वीट-लाकूड ही त्याची रीत पुढे अनेकांनी उचलली. 1828 च्या आगीत त्याचे वरचे मजले गेले. मागे राहिला तो तट, दरवाजे आणि जोती. आमच्या प्रकरणातल्या गढीचा वरचा मजलाही विटांचाच होता आणि सोप्याचे खांब सुरूच्या झाडाच्या घाटाचे. म्हणजे आमच्या अंदाजानं हे घर अठराव्या शतकातलं. पुढे कागदांनी तो अंदाज खरा ठरवला, पण ते कागद हाती आले ते नको इतक्या उशिरा.

1818 ला पेशवाई बुडाली आणि घरची शिबंदी, म्हणजे पदरची शिपाईमाणसं, सुटली. 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनचे अधिकारी दारात येऊन सनदा तपासू लागले, आणि स्वातंत्र्यानंतर उरलीसुरली इनामं, वतनंही गेली. घर तेवढं राहिलं. राखणारे हात गेले, आणि माझ्या मते या प्रकरणाची सुरुवात तिथेच झाली. तटावर फिरणारा पहारेकरी फक्त शत्रूवर नजर ठेवत नव्हता. दगडाच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप तो येताजाता उपटायचा, पन्हळात अडकलेला पाला पायानं सारायचा. पहारा हीच त्या घराची देखभाल होती. पण पहारा उठला तेव्हा देखभालही उठली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

अडचण

आम्हाला बोलावलं ते मार्चमध्ये. आग्नेयेच्या बुरुजाला पोट आलं होतं. वरून ओळंबा सोडला तर दहा फुटांच्या पट्ट्यात दगड साडेचार इंच बाहेर सरकलेले. पोटाच्या वरच्या बाजूला हाताचा तळवा आडवा जाईल अशी भेग. बुरुजाला लागून गावाचा रस्ता, आणि त्या रस्त्यानं रोज शाळेतली मुलं जातात.

काळ्या दगडाचा एक घनफूट साधारण ऐंशी किलो भरतो. त्यातला एखादा चिरा वरून निसटला तर पुढचं सांगायला नको.

“इतकी वर्षं उभाय, आत्ताच काय झालं?” आबांचा हा प्रश्न रास्त होता, आणि सगळं निदान त्याच प्रश्नात दडलं होतं. तीसेक वर्षांपूर्वी घरानं दोन सुधारणा केल्या होत्या. बुरुजाचा माथा ही गावातली सगळ्यात उंच जागा, म्हणून तिथे काँक्रीट ओतून पाण्याची टाकी बसवली. आणि दगडांच्या दर्जांमधून, म्हणजे सांध्यांमधून, माती गळते म्हणून बाहेरच्या अंगाच्या सगळ्या दर्जा सिमेंटनं भरून घेतल्या. त्या वेळी सगळ्यांनी वाहवा केली. फोटोही आहे, नव्या सिमेंटच्या करड्या रेघांनी सजलेला बुरूज आणि त्यापुढे टोप्या घातलेले पाहुणे.

झालं असं. काँक्रीट आणि जुना दगड उन्हात सारखे तापत नाहीत, सारखे फुगत नाहीत. कडेला चीर पडली. टाकी रोज थोडी ओसंडायची आणि ते पाणी चिरेतून भरीत उतरायचं. पूर्वीही पाणी उतरत असणारच, पण तेव्हा चुन्याच्या दर्जा ते पाझरून बाहेर सोडायच्या. चुना श्वास घेतो असं गवंडी म्हणतात ते याच अर्थानं. सिमेंटनं तोंड बंद केलं. पाणी आत येत राहिलं, बाहेर जायला वाट नाही. ओली माती जड होते आणि आडवी रेटते. बुरूज वरपर्यंत मातीनं भरलेला. रेटा बसला तो बाहेरच्या दगडांना.

आमच्या चमूत मी, एक स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि पाथरवटांचे मुकादम. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी लहान हातोडी घेतली आणि पोटावरच्या एकेका दगडावर हलकी टिचकी मारत गेले. घट्ट बसलेला दगड ठण् वाजतो. मागे पोकळी असेल तर आवाज भद्द येतो. कान लावून ऐकलं आणि खडूनं खुणा केल्या. तासाभरात बुरुजाच्या अंगावर खडूचा एक ओबडधोबड नकाशा उमटला. इंजिनीअरसाहेबांनी पुढे आठवडाभर मोजमापं घेऊन जो आराखडा काढला, तो त्या नकाशापासून फार लांब नव्हता.

समोरचे पर्याय

घराचे हिस्सेदार एकोणीस. वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही हक्क मिळकतीत आला आणि लग्न होऊन गेलेल्या आत्यांच्या मुलांचेही फोन यायला लागले. प्रत्येकाचा पर्याय वेगळा.

पहिला पर्याय तालुक्याच्या ठेकेदाराचा. बुरूज पूर्ण उतरवायचा, आत आरसीसीची गोल भिंत, बाहेरून जुनाच दगड चिकटवायचा. “दिसायला तोच, ताकदीला दुप्पट.” हे स्वस्त पडत होतं आणि लवकर होणार होतं. मला विचाराल तर हा पर्याय सगळ्यांत मोहात पाडणारा होता, कारण रस्त्याचा धोका पंधरा दिवसांत संपला असता. पण एक बुरूज ताठ आणि त्याला जोडलेला तट लवचीक, असं झालं की सांध्यावर चीर ठरलेली. त्याशिवाय घर जुनं म्हणून राखायचं असेल तर आत आरसीसी आणि बाहेर दगडाची कातडी हा स्वतःलाच फसवण्याचा प्रकार.

दुसरा, हॉटेलवाल्याला दीर्घ मुदतीनं द्यायचं. दिवे घाटापलीकडे पिलाजीराव जाधवरावांच्या गढीचं हॉटेल झालेलं सगळ्यांना माहीत, त्यामुळे ही आशा हवेतली नव्हती. एक गृहस्थ येऊनही गेले. त्यांना गाड्या आत न्यायच्या होत्या, म्हणजे दरवाज्याची कमान रुंद करणं आलं. आबांनी त्यांना चहा पाजला आणि विषय बदलला.

तिसरा, 1960 च्या राज्य कायद्याखाली स्मारक म्हणून संरक्षण मागायचं. दोन तरुण पुतण्यांचा यावर जोर. थोरल्यांना धास्ती ही की मग खिळा ठोकायलाही परवानगी लागेल. वादात दोन्ही बाजू थोड्या बरोबर होत्या. पण पावसाळा अडीच महिन्यांवर आलेला, आणि कुठलीही फाइल त्याआधी हलणार नव्हती. म्हणून तो पर्याय बाजूला ठेवला. नाकारला असं कुणी म्हटलं नाही.

चौथा, काहीच करायचं नाही. हा पर्याय कुणी तोंडानं मांडला नाही, पण एकोणिसातल्या सहा जणांचं मौन त्यालाच मत देत होतं. घडीव दगडाला भाव आहे, हे त्यांच्यापैकी एकानं मला नंतर सहज बोलता बोलता सांगितलं.

पाचवा आमचा. आधी माथ्यावरचं ओझं आणि पाणी काढायचं, एक पावसाळा पाहायचं, मग पोट आलेला भागच उतरवून चुन्यात पुन्हा बांधायचा. यात वेळ जास्त, आणि पहिल्या वर्षी दाखवण्यासारखं काहीच नाही.

निर्णय झाला तो बैठकीत नव्हे. संध्याकाळी काकू मला बुरुजाखाली घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “टाकी काढा म्हणताय ते पटलं. पण तीन घरांचं पाणी कुठून आणायचं ते सांगा, मग मी बाकीच्यांकडून सह्या घेते.” परसात लोखंडी घोडीवर नवी टाकी बसवायची असं ठरलं. चार दिवसांत चौदा सह्या जमल्या. उरलेल्यांनी हरकत घेतली नाही.

काय केलं

टाकी उतरली. काँक्रीट छिन्नीनं फोडून काढलं. यंत्र लावलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं, पण त्या हादऱ्यानं पोट आणखी सुटलं असतं. माथ्यावर ताडपत्री ताणली, रस्त्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा आणि लाकडी टेकू. भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली की काच तडकते. साधा, स्वस्त आणि खोटं न बोलणारा साक्षीदार.

पुढे जे केलं ती आमची चूक. सिमेंटच्या दर्जा काढायला आम्ही बुडापासून सुरुवात केली, कारण परांची तिथे बांधावी लागत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी एका दर्जेतून आधी गढूळ पाण्याची धार आली आणि तिच्यामागून चिखल. पहिली पाच मिनिटं सगळे खूश, साचलेलं पाणी निघालं म्हणून. मामांनी मात्र थापी खाली टाकली आणि ओरडले, “माती जातीय, पाणी न्हाई!” आतली भरच वाहून निघत होती. ओल्या गोणपाटाचे बोळे कोंबून धार अडवली. दुसऱ्या दिवशी ओळंब्यानं पोट साडेचारचं पाच इंच दाखवलं आणि दोन काचा तडकल्या होत्या.

काम थांबवलं. माथा झाकलेला ठेवून भर सुकू द्यायची, अगदी मोजक्या ठिकाणी बारीक छिद्रं घ्यायची, त्यांत माती अडेल असा खडीचा भरणा द्यायचा, आणि पावसाळाभर हात लावायचा नाही असं ठरलं. ते चार महिने कठीण गेले. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, “थांबलं वाटतं काम?”

त्याच पावसाळ्यात आबांनी माळ्यावरची एक पेटी उघडली. आत मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा. मोडी वाचणाऱ्या एका शिक्षकांना बोलावलं. बहुतेक कागद देण्याघेण्याचे होते. त्यात खर्चाची एक याद निघाली, सन सबैन मया व अलफ, म्हणजे मराठी दप्तरात चालणाऱ्या शुहूर कालगणनेचं 1170, इसवी सनाच्या हिशेबात 1769-70. चुना, गूळ, ताग यांची वजनं, आणि त्याखाली ‘मृगाआधी फांजीचा (तटाच्या माथ्यावरच्या वाटेचा) कोबा व पन्हळी’ या कामाला लागलेल्या दोन माणसांची मजुरी. मागच्या-पुढच्या दोन सालांच्या यादीतही हेच कलम. दरवर्षी, पावसाआधी, तटाच्या माथ्यावर दोन माणसं चढत होती.

आम्ही पन्हळी शोधल्या. बुरुजाच्या आतल्या अंगाला, चौकाच्या बाजूला, तीन दगडी तोंडं सापडली. तिन्ही टाकीच्या काँक्रीटनं बुजलेली. मूळ माथ्याचा उतार आत, चौकाकडे होता. बाहेरच्या अंगाला एकही पन्हळ नव्हती, आणि त्याचंही कारण लष्करी असावं: बाहेर दगड पुढे आला की चढणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळते. जंग्या, म्हणजे बंदुकीच्या मारासाठीची भोकं, तीही तशीच, आत रुंद आणि बाहेर तळहाताएवढी, खाली झुकलेली. आम्ही आमच्या पहिल्या आराखड्यात पाणी बाहेर, रस्त्याच्या बाजूला काढलं होतं. तो कागद त्या दिवशी फाडला.

दिवाळीनंतर पोट आलेला भाग उतरवला. दोनशेच्या वर चिरे, प्रत्येकावर रंगानं आकडा, थराप्रमाणे शेतात मांडलेले. उतरवताना एक गोष्ट कळली. त्या पट्ट्यात भिंतीच्या आरपार जाणारे, दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे दगड जवळजवळ नव्हतेच, आणि चिऱ्यांची घडाईही इतर भागापेक्षा कच्ची. म्हणजे हा भाग पूर्वी कधीतरी एकदा ढासळला होता आणि घाईनं परत रचला होता. नव्या बांधकामात दर तिसऱ्या थराला आरपार दगड घातले.

चुन्याला विटांचा भुगा, गूळ, हिरड्याचं पाणी. गावात चुना मळायच्या घाणीचं दगडी चाक पडून होतं, पण ते फिरवायचा बैल आता कुणाकडे नाही. मिश्रण यंत्रात मळलं. दिवसाला दोनच थर, कारण चुना सावकाश धरतो आणि खालचा थर ओला असताना वर भार दिला की तो बाहेर येतो. रोज गोणपाट भिजवून अंगावर टाकायचं काम काकूंनी आपल्याकडे घेतलं, आणि ते त्यांनी गवंड्यांपेक्षा चोख केलं.

निष्पत्ती

दोन पावसाळे गेले. नव्या भागावरच्या काचा शाबूत आहेत. पन्हळीतून पाणी चौकात पडतं, तिथून आडाशेजारच्या जुन्या मोरीत जातं. रस्त्याचा आडोसा निघाला.

बाकी चित्र तितकं गोड नाही. चुना भिजवत ठेवायला आम्हाला पाचच आठवडे मिळाले, त्यामुळे काही ठिकाणी चुन्याची न विरघळलेली खडी नंतर फुगली आणि दर्जांचे टवके उडाले. ते काम पुन्हा करावं लागलं. पैसे संपले ते देवडीच्या माडीपर्यंत पोचण्याआधी, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिची एक तुळई बसली. दोन हिस्सेदारांनी आपला वाटा देणं थांबवलं. संरक्षणाचा अर्ज पुतण्यांनी अखेर केला आहे, त्याचं काय होईल ते होईल.

वेगळं काय करता आलं असतं

कागद आधी. पेटी माळ्यावर होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही विचारलं नाही, आणि ‘जमिनीचे असतील’ म्हणून त्यांनी सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी ‘घरात मोडी कागद आहेत का’ असं विचारलं असतं तर आराखडा दोनदा काढावा लागला नसता. आता हा प्रश्न मी ओळंब्याच्याही आधी विचारतो.

दर्जा बुडापासून उघडणं ही आळसातून झालेली चूक होती, तिला दुसरं नाव नाही. भर सुकेपर्यंत थांबायला हवं होतं, आणि उघडायच्या तर वरून खाली. इंजिनीअरसाहेबांचं मत थोडं वेगळं आहे. त्यांच्या मते ती धार आली नसती तर भर किती मोकळी झालीय हे आम्हाला कळलंच नसतं आणि आम्ही पावसाळ्यातच बांधायला घेतलं असतं. असेलही. पण अर्धा इंच पोट आणि शाळेचा रस्ता पणाला लावून ते कळायला नको होतं.

टाकी काढण्याचा मुद्दा आम्ही तांत्रिक समजून मांडला. घरासाठी तो पाण्याचा होता. काकूंनी तो उलटा करून दाखवला नसता तर सह्या आल्या नसत्या, आणि मग कदाचित ठेकेदार आला असता.

एका निर्णयाबद्दल मला अजूनही खात्री नाही. उरलेल्या तीन बुरुजांच्या दर्जांमधलं सिमेंट आम्ही तसंच ठेवलं. माथे कोरडे आहेत, पोट नाही, पैसे नाहीत, म्हणून नको छेडायला, असं ठरलं. यंदा जूनमध्ये वायव्येच्या बुरुजावर खबरदारी म्हणून चिकटवलेल्या चार काचांपैकी एक तडकली. मामांनी जाऊन टिचकी मारली. त्यांच्या मते दगड अजून ठण् वाजतोय. आबांनी दोन गडी माथ्यावर चढवून पाला काढून घेतला, आणि दिवाळीपर्यंत दर पंधरवड्याला ओळंबा सोडायचं काम धाकट्या पुतण्यावर टाकलं. त्याच्या वहीत आत्तापर्यंत पाच नोंदी आहेत, पाचही सारख्या.